उपवासाला हार आणि अर्ध्या भाकरीला हसू?



आज जरा रागानेच लिहायला बसले आहे. गेल्या दशलक्षणानंतरची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने दहा उपवास केले. तिला हार घातला, श्रीफळ दिलं, योग्यच झालं. मग आम्हा सगळ्यांची जेवणं. मी एक भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी आणि काकडी घेतली. वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "सणासुदीला कसलं गं तुझं डाएट?" आणि नको नको म्हणत असताना ताटात दोन जिलब्या पडल्या. उष्टं टाकायचं नाही हा आपला नियम. म्हणजे खाणं भागच. बायका हसल्या, मीही हसले आणि खाल्लं.

घरी आल्यावर मात्र स्वतःचीच चीड आली. कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 आला होता. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईचे पाय याच आजाराने गेले. मला तो उंबरठा ओलांडायचा नाही.

आपल्याला वाटतं, आपण कांदा-बटाटा खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आपल्याला काय होणार? ताटाकडे एकदा नीट बघा. सकाळी पोहे, दुपारी दोन भाकरी आणि वर भात, चारला खाकरा नाहीतर चिवडा, सहाला पुन्हा चपाती-भात. बटाटा नसला तरी पिष्ट तेच. आणि रात्री भूक लागेल या भीतीने संध्याकाळी पोटाला तड लागेपर्यंत जेवायचं! त्यात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा 4 ते 5 ग्रॅमचा धरला तर 32 ते 40 ग्रॅम साखर चहातूनच गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाची साखर 25 ग्रॅमच्या आसपास ठेवलेली बरी. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यांत आपल्या घरातली माणसं नाहीत का?

दुसरं टोक आमच्या जाऊबाईंनी गाठलं. मोबाईलवर बघून भाकरी, भात, फळं सगळं बंद. डाळीतही कर्बोदकं म्हणून डाळही बंद. आपल्यात अंडी-मांस नाही, मग उरलं काय? पनीर, लोणी, चीज. तीन महिन्यांत वजन उतरलं खरं, पण बद्धकोष्ठता, केस गळणं आणि घरभर चिडचिड. आठ महिन्यांत वजन परत जागेवर. 2018 साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की एकूण ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास कर्बोदकांतून घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं. 40 टक्क्यांखाली आणि 70 टक्क्यांवर, दोन्हीकडे ते वाढलेलं होतं. म्हणजे भाकरी शत्रू नाही. तिसरी भाकरी आणि तिच्यावरचा भात, हे खरं दुखणं.

आणि याचं उत्तर बाहेर शोधायला नको. बाह्य तपं सहा. पहिलं अनशन, म्हणजे उपवास. दुसरं लगेच अवमौदर्य, ज्याला ऊणोदरी म्हणतात: भुकेपेक्षा कमी जेवणं. शास्त्रात पूर्ण आहार पुरुषाचा 32 घास आणि स्त्रीचा 28 घास सांगितला आहे, त्यातून एक घास कमी केला तरी अवमौदर्य. पण आपण पहिल्या तपाची मिरवणूक काढतो आणि दुसऱ्याला हसतो!

कुणी म्हणेल, तप कर्मनिर्जरेसाठी असतं, वजनासाठी नाही. अगदी मान्य. केवळ कंबर बारीक व्हावी म्हणून केलं तर ते तप नव्हे. पण पूज्यपाद आचार्यांनी अवमौदर्याचा हेतू सांगताना संयम, जागरूकता, दोषांचं शमन, संतोष आणि स्वाध्याय यांचीच नावं घेतली आहेत. भरल्या पोटी स्वाध्यायाला बसून डुलक्या घेणाऱ्या आपणच ना?

मी काय केलं ते सांगते. भाकरी किंवा भात, एका वेळी एकच. भाकरी एक, फार तर दीड. अर्धं ताट भाजी आणि काकडी-टोमॅटो, बाकीच्यात मूग, हरभरा, तूर. चहा दोनदा, अर्धा चमचा साखर. जेवल्यावर वीस मिनिटं चालणं. वर्षभरात सहा किलो उतरले, आकडा 5.6 वर आला. उपाशी एक दिवसही राहिले नाही. गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

आणि काकूंनो, मामींनो, हात जोडून विनंती: "बास" म्हणणाऱ्या बाईच्या ताटात जबरदस्तीने वाढू नका. तो आग्रह म्हणजे प्रेम नव्हे, तिचा नियम मोडणं आहे. पुढच्या पर्वात उपवास करणारीला हार जरूर घाला. पण जिने एक भाकरी खाऊन हात धुतला, तिला निदान हसू तरी नका.

जय जिनेंद्र.