शाईवरचा आळ

लोह-मायफळाची शाई फाउंटन पेनात घालू नये, ती पेन खाते, हा सल्ला शौकिनांत इतका रुळला आहे की तो नेमका कुठल्या शाईबद्दल आणि कुठल्या पेनाबद्दल आहे, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. ब्रिटनमध्ये तर तो फारच चमत्कारिक ठरतो. इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी जन्म, मृत्यू आणि विवाहांची नागरी नोंदणी सुरू झाली. या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या याच जातीच्या शाईने लिहिल्या गेल्या, आणि फाउंटन पेन आल्यावर तीच शाई त्यातून वाहू लागली. लिव्हरपूलची डायमाइन कंपनी आजही ‘रजिस्ट्रार्स इंक’ या नावानेच ती विकते. पेन खाणारी शाई निबंधकांच्या टेबलावर इतकी वर्षे टिकली कशी, याचा खुलासा आधी आक्षेपकांनी करायला हवा.

गोंधळाचे मूळ असे की एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू नांदतात. ओकच्या फांदीवर एक बारीकशी गांधीलमाशी अंडे घालते आणि तिथे गाठ उठते; ते मायफळ. त्यातले टॅनिन आणि हिराकस हा लोहाचा क्षार पाण्यात एकत्र आले की फिकट द्राव होतो. हवेतला प्राणवायू लागला की त्यातले लोह बदलते आणि काळा, पाण्यात न विरघळणारा साका धरतो. जुने शाईवाले हा काळेपणा दौतीतच येऊ देत आणि साका तरंगत राहावा म्हणून डिंक घालत. पिसाला किंवा टाकाला त्याचा त्रास नव्हता, कारण त्यांत तुंबण्यासारखे काही नसतेच. १२१५ चा मॅग्ना कार्टा याच कुळातल्या शाईचा. ही शाई फाउंटन पेनात ओतली तर निबेकडे शाई नेणाऱ्या फीडच्या केसाएवढ्या खाचा बुजणारच. तिच्याबाबत आक्षेपकांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. पण १८३२ मध्ये लंडनच्या डॉ. हेन्री स्टीफन्स यांनी निळी-काळी शाई बाजारात आणली आणि तिची चाल उलटी होती. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून निळा रंग. काळे होण्याचे काम कागदावर पोचल्यानंतरचे. अक्षर निळे उमटते, काही तासांत गडद होऊ लागते आणि धाग्यांत मुरलेला रंग पाण्याने जात नाही. आजच्या पेनाच्या शाया याच वाटेने आल्या. त्यांतले लोह बाटलीत विरघळलेलेच राहावे म्हणून आम्ल घातलेले असते. म्हणजे ज्या आम्लावर सारा आळ आहे, तेच पेन तुंबू देत नाही.

यावर उत्तर येते की तुंबणे टळले तरी आम्ल धातू खाणारच. खातेच, पण कुठला धातू आणि किती वेळात? बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून एकोणिसाव्या शतकात जगभर गेलेल्या टाकाच्या निबा साध्या पोलादाच्या होत्या. त्या शाईने झिजत आणि फेकल्या जात. स्वस्त होत्या, म्हणून कोणी हळहळत नसे. फाउंटन पेनाला चौदा कॅरटची निब आली ती निव्वळ मिरवण्यासाठी नव्हे. शाईतल्या आम्लाला सोने दाद देत नाही, हे त्यामागचे व्यवहारी कारण होते. आजच्या स्टेनलेस निबेला क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर राखतो. तो अभेद्य नाही. शाईत क्लोराइड असेल आणि ती निबेच्या चिरेत आटून दाट होत गेली, तर तिथे बारीक खड्डे पडू शकतात. मात्र हे वाहत्या शाईपेक्षा साचलेल्या शाईत घडते. शिवाय आम्ल तेवढे वाईट, हा समजही पुरता खरा नाही. पार्करची सुपरक्रोम शाई आम्लधर्मी नव्हती, चांगली अल्कधर्मी होती, आणि पेनाच्या आतले भाग खराब करण्याबद्दल ती आजही बदनाम आहे. तेव्हा लोहाचे नाव ऐकताच दचकण्यात काही हशील नाही.

निबंधकांचा दाखला चालणार नाही, त्यांचे पेन रोज चालत होते, असे कोणी म्हणेल. हरकत घेतली खरी, पण ती माझ्याच बाजूची साक्ष झाली. रोज लिहिणाऱ्या पेनात शाई आटायला सवडच मिळत नाही. बिघाड होतो तो भरून ठेवलेल्या आणि विसरलेल्या पेनात. म्हणून पहिला नियम लिहीत राहण्याचा: पेन पडून राहणार असेल तर आधी रिकामे करावे, एरवी तीन-चार आठवड्यांनी धुवावे. धुण्यातही क्रम आहे आणि तिथेच जाणते लोकसुद्धा चुकतात. तुंबलेल्या पेनाला अमोनियाचे पाणी हा सर्रास उपाय; पण आत लोहाची शाई असताना ते घातले तर आम्ल मारले जाते आणि लोहाचा गंजासारखा गाळ फीडमध्येच बसतो. लंडनचे नळाचे पाणी चुनखडीचे, जड, म्हणून तेही थोड्या प्रमाणात हाच उद्योग करते. ग्लासगोला लॉक कॅट्रिन सरोवराचे मऊ पाणी येते, तिथे ही काळजी फारशी नाही. लंडनकराने पहिले एक-दोन हात डिस्टिल्ड पाण्याचे द्यावेत. तरी काळे निघत राहिले तर पाण्यात चिमूटभर क जीवनसत्त्व विरघळवून तो द्राव अर्धा तास आत ठेवावा. ते बसलेल्या लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते आणि ते धुवणाबरोबर बाहेर पडते. मग भरपूर पाणी. अमोनिया लागलाच तर सर्वांत शेवटी. दुसऱ्या कंपनीच्या शाईत ही मिसळू नये आणि पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नये.

कागद खाण्याचा आरोप वेगळा, आणि जुन्या दप्तरांपुरता खरा. डच संशोधक योहान नेव्हेल यांच्या कामातून दिसले की टॅनिनला पुरून उरलेले मोकळे लोह कागदाचा नाश झपाट्याने घडवते. हा प्रमाणाचा दोष झाला. पेनाच्या शाईत मुळात लोहच कमी असते. तरी दस्तऐवज आम्लरहित कागदावर लिहावा, एवढी खबरदारी बरी.

‘आता हवी कशाला?’ हा प्रश्न जास्त वजनाचा आहे. ४ मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये विवाहाच्या नोंदवह्या बंद झाल्या. सह्या आता एका पत्रावर होतात आणि नोंद संगणकात जाते. टिकाऊ अक्षरासाठी रंगकणांच्या शाया मिळतात. मिळतात, पण त्यांच्यातले अविद्राव्य कण पहिल्या दिवसापासून पेनाच्या पोटात असतात, आणि ते वाळून बसले की क जीवनसत्त्वाने हलत नाहीत. लोहाची शाई निदान बसली तरी विरघळवता येते. जिला सोडवण्याचा उपाय ठाऊक आहे तिला धोकादायक ठरवायचे आणि जिला नाही तिला बिनधास्त भरायचे, हा न्याय मला उमगत नाही.

याचा अर्थ ‘नवी शाई पूर्ण निर्धोक’ म्हणणारे बरोबर असा नाही. तेही बाटलीवरचे नाव वाचून थांबतात. मुलामा उडालेली पोलादी निब, आत पोलादी पट्टी असलेले जुने लिव्हरचे पेन, आणि उघडता न येणारे, म्हणून धुताच न येणारे कुठलेही पेन, यांत ही शाई भरू नये. पारदर्शक प्लास्टिकच्या पेनात भरावी, पण आतून डाग राहतील हे गृहीत धरून. आणि टाकासाठी म्हणून विकली जाणारी घरगुती किंवा हौशी पाककृतीची शाई तर पेन सोन्याच्या निबेचे असले तरी त्यापासून दूर ठेवावी. सोने तगेल, फीड तगणार नाही.