विश्लेषण : ‘रेसिंग’ ब्रेक पॅड जंगलरस्त्यावर कितपत कामाचे?

आय-२० एन लाइन, व्हर्टस जीटी, जुनी पोलो जीटी अशा चपळ गाड्या आता चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोलीतही दिसतात. गाडी घरी आली की काही महिन्यांत मालकाची नजर ब्रेककडे वळते आणि ऑनलाइन ‘परफॉर्मन्स’ किंवा थेट ‘रेसिंग’ पॅड मागवले जातात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर लोहारा-चिचपल्लीच्या जंगलात अचानक चितळ आडवे आले, तर हे महागडे पॅड गाडी लवकर थांबवतील का? अनेकदा नेमके उलटे घडू शकते.

पॅड करतात काय?

ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारे यंत्र. सुमारे १३०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना जवळपास ५ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळून निघेल. ही उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये जाते. वारंवार जोरात ब्रेक मारले की पॅडमधले रसायन तापून त्याची पकड ढिली पडते. पेडल दाबले जाते, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. रेसिंग पॅडचे मिश्रण शर्यतीत कित्येक शे अंशांपर्यंत तापूनही पकड टिकावी यासाठीच बनवलेले असते. त्याची किंमत मात्र थंड असताना मोजावी लागते. पुरेसे तापेपर्यंत यातले बरेच पॅड कमी धरतात, किंचाळतात आणि डिस्कही लवकर खातात.

थंड पकड इथे एवढी महत्त्वाची का?

कारण जंगलातल्या रस्त्यावर ब्रेक थंडच असतो. ताडोबाच्या आसपास किंवा आष्टी-आलापल्ली मार्गावर मोकळा रस्ता मिळाला की बराच वेळ पेडलला पाय लागत नाही. मग पहिल्यांदा लागतो तो थेट आणीबाणीत, रानडुक्कर किंवा नीलगाय समोर आल्यावर. ‘चंद्रपूरच्या उन्हात ब्रेक तापलेलेच असतात’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. पण मे महिन्यातले ४६ अंश आपल्याला असह्य असले तरी शर्यतीच्या पॅडसाठी ते गारच.

थोडे गणित पाहू. ताशी ८० किमी वेगात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते. कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे ३१ मीटर लागतात, म्हणजे एकूण ५३. वेग १०० असेल तर हाच आकडा ७७ मीटरच्या आसपास जातो. डिपर मारलेल्या दिव्यांचा उपयोगी उजेड मोठ्या मानाने ५० मीटर धरला, तर रात्री १०० च्या वेगात कोणताही पॅड पुरा पडत नाही.

पकडीची मर्यादा टायरची की पॅडची?

मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहून मध्यम वेगात एकदा जोरात ब्रेक मारा. पेडल थरथरले, म्हणजे एबीएस कामाला लागले, तर कंपनीचा पॅड टायरच्या पकडीच्या टोकापर्यंत पोहोचतो आहे. अशा गाडीला अधिक जहाल पॅड बसवून थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. पैसे चांगल्या टायरवर घालावेत. सुरजागडच्या लोहखनिजाचे आणि घुग्घूस-राजुरा पट्ट्यातल्या कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यांवर सांडलेली भुकटी टायर आणि डांबराच्या मध्ये येते. तिथे तर हा मुद्दा आणखीच खरा. हीच धूळ पॅडमध्ये रुतून डिस्कवर रेघा पाडते, कॅलिपरच्या पिना जाम करते. पिन अडकली की एका बाजूचा पॅड आधी झिजतो आणि दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. पॅड बदलतानाच पिना साफ करून घेणे हे नवे पॅड घेण्याइतकेच महत्त्वाचे काम, पण बिलात ते क्वचितच दिसते.

मग निवडायचे कसे?

पाकिटावर ‘थंड असतानाही पकड’ असे स्पष्ट सांगणारे, रोजच्या वापराचे पॅड घ्यावेत. युरोपच्या ‘आर-९०’ नियमानुसार प्रमाणित पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर असावी लागते, त्यामुळे ती खूण भरवशाची. काही पॅडवर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरे असतात. पहिले सामान्य तापमानाचे, दुसरे तापल्यावरचे घर्षण सांगते. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. गोम अशी की पहिले अक्षरही साधारण ९० ते २०० अंशांवरच्या मोजणीतून येते. म्हणजे पहाटेच्या पहिल्या ब्रेकबद्दल ते काहीच सांगत नाही. नुसते ‘जीजी’ पाहून भुलू नये.

घाटाचे काय?

जिवतीकडे माणिकगडच्या डोंगरावरून किंवा कुरखेडा-कोरची मार्गावरच्या बेडगाव घाटातून उतरताना ब्रेक खरोखर तापतात. तिथेही पहिला उपाय खालचा गिअर, दुसरा ताजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंशांना उकळते, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. हा खर्च पॅडच्या मानाने किरकोळ आहे.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कवर ‘बसण्यासाठी’ मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा, गाडी पूर्ण न थांबवता ब्रेक मारावे लागतात आणि मग ते गार होऊ द्यावे लागतात. नेमकी पद्धत पाकिटावर असते. हे काम दिवसाउजेडी, शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर उरकावे. तोवर मूलच्या जंगलात रात्री जाऊ नये.