कासवाचा हौद

कापडाच्या एका जुन्या पेढीच्या घरात नातवाच्या वाढदिवशी ॲक्वेरियमच्या दुकानातून एक कासव आले. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. ‘काचेच्या या भांड्यात जन्म काढील,’ असे दुकानदाराने सांगितले. वर्षभरात कासव तळहाताएवढे झाले, भांड्यात त्याला वळता येईना. कवच मऊ पडले, डोळे सुजले.

आजींनी उपाय सुचवला, “गावाबाहेरच्या तलावात सोडून द्या. तेवढाच जीव सुटेल.”

पशुवैद्यांनी मात्र हात जोडले. हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. जगभर सर्वाधिक उपद्रवी ठरलेल्या १०० परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या तलावात ते सुटले तर देशी कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावते, रोगही पसरवू शकते. एका जिवाच्या सुटकेची किंमत अनेक जिवांनी मोजायची, असा तो व्यवहार.

“आजोबा, हे किती वर्षे जगेल?” नातवाने विचारले.

“नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे. म्हणजे हे खाते तुझ्या नावावर. मी केवळ जामीन.”

आजोबांनी कागद घेतला. कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी हवे, असा ठोकताळा पशुवैद्यांनी दिला होता. मादी १० ते १२ इंचांपर्यंत वाढते, म्हणजे जवळपास ५०० लिटर. गच्चीच्या कोपऱ्यात ५ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच विटांचा हौद ठरला. त्यात दीड फूट पाणी भरले की सुमारे ६३० लिटर होते. वजनाचा विचार करून हौद थेट तुळईवर येईल अशी जागा गवंड्याने निवडली.

आतला गिलावा गुळगुळीत ठेवला, म्हणजे कासवाला भिंत चढता येणार नाही. एका टोकाला खडबडीत उतार आणि त्याच्या शेवटी कोरडा ओटा केला. ओट्यावर सकाळचे कोवळे ऊन पडते, दुसऱ्या टोकाला दिवसभर सावली असते. कासवाचे रक्त स्वतःहून ऊब धरत नाही, म्हणून ऊन आणि सावली दोन्ही त्याच्या आवाक्यात हवीत. उन्हातील अतिनील किरणांमुळेच कवचाला बळकटी येते. ते किरण काचेतून पुरेसे जात नाहीत. खिडकीजवळ ठेवूनही कासव का खंगत होते, याचा उलगडा तेव्हा झाला. कावळे आणि मांजरांपासून रक्षणासाठी वर जाळीचे झाकण बसवले. तळाशी तोटी ठेवली. मळके पाणी झाडांना जाते. नव्या सिमेंटचा क्षार उतरावा म्हणून हौद काही आठवडे पुनःपुन्हा भरून रिकामा केला, मगच कासव आत सोडले.

आहाराचा प्रश्न अवघड होता. हे कासव मिश्राहारी. पिल्लांना प्रथिने अधिक लागतात आणि बाजारातील दाण्यांत बहुधा मासळीची भुकटी असते. आजींना ते रुचले नाही. वाढत्या वयात वनस्पतींचे प्रमाण वाढते, हे ऐकून पाणवनस्पती, भोपळ्याचा कीस आणि सॅलडची पाने सुरू झाली. दाणेही मोजून, स्वयंपाकघराबाहेर ठेवून द्यावेच लागले. हा हिशेब पुरता जुळला नाही. असा जीव विकत घेताना त्याच्या आहाराचे उत्तरदायित्वही विकत घेतले जाते, हे घराला उशिरा उमगले.

आणखी दोन शिस्ती लागल्या. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी आहे. दुसरी म्हणजे, देशी कासव कुणी आणून दिले तरी न ठेवणे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

सहा महिन्यांत कवच टणक झाले, डोळे उघडले. दिवाळीत आलेल्या आतेभावाने आपल्यालाही असेच कासव हवे, असा हट्ट धरला. नातवाने त्याच्या हाती ब्रश दिला आणि दोघांनी मिळून हौद घासला. दुसऱ्या दिवशी हट्ट उरला नव्हता.

“शहाणा आहे,” आजी म्हणाल्या आणि भोपळा किसायला बसल्या.