अर्धी बॅटरी तपासली, तर पूर्ण बॅटरी पास होते का?

२०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. त्या उन्हाळ्यात अशा बऱ्याच घटना झाल्या आणि केंद्राने बॅटरीचे नियम, म्हणजे एआयएस-१५६, कडक केले. ३१ मार्च २०२३ पासूनच्या टप्प्यात एक महत्त्वाची अट आली: एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट झालं, तरी पॅकला आग लागता कामा नये.

टेस्ट लॅबमध्ये होते. पण त्याआधी डिझाइन कॉम्प्युटरवर तपासतात, आणि गोम तिथे आहे.

पॅकच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या असतील तर इंजिनिअर अर्धाच पॅक मॉडेल करतात. गणित निम्मं, वेळही वाचतो. जिथे पॅक कापला, त्या पृष्ठभागावर ‘सिमेट्री’ची अट लावायची, म्हणजे इथून उष्णता आरपार जात नाही, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. दोन्हीकडे तापमान सारखंच, मग उष्णता जाईल कशाला? रोजच्या चार्जिंगसाठी हे एकदम बरोबर. फक्त वॅट वाटून द्यायचे. पूर्ण पॅकमध्ये ४० वॅट उष्णता तयार होत असेल, तर अर्ध्याला २०.

आता याच मॉडेलमध्ये कापाला लागून असलेला एक सेल पेटवा. सिमेट्री म्हणजे आरसाच, त्यामुळे पलीकडचा जुळा सेलही त्याच क्षणी पेटतो! एकाऐवजी दोन सेलची आग, म्हणजे परीक्षा जास्तच कडक, असं वाटेल. पण पेटलेला सेल थंड शेजाऱ्याला किती वेळात पेटवतो, हाच तर प्रश्न होता. त्या बाजूचा थंड शेजारीच गणितातून गायब झाला. इथे पूर्ण पॅक मॉडेल करायलाच हवा. (पेटणारा सेल बरोबर मधोमध कापला गेला असेल तर अर्धा सेल, अर्धी उष्णता घेऊन चालतं.)

अजून एक गंमत, खरं तर धोका. अॅन्सिस, कॉमसॉलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या पृष्ठभागाला काहीच अट दिली नाही, तिथून उष्णता जात नाही असंच धरलं जातं. हवा लागणाऱ्या बाजूची अट द्यायची राहिली, तरी एरर येत नाही. उत्तर मात्र चुकतं.

तुमच्या फोनला ही अर्ध्याची युक्ती सहसा लागूच पडत नाही. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी आत प्रोसेसर एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे असते. म्हणून गेम खेळताना सगळा फोन सारखा तापत नाही, एकच कोपरा चटका देतो.