पंधराव्या वर्षी म्हातारी, पन्नासाव्या वर्षी वारसा

जुन्या गाडीचा फोटो काढायचा तर रात्रीच, हे माझं ठाम मत. दिवसा बाळकुममध्ये गाडीमागे मेट्रोचे खांब, पत्रे, डंपर आणि धूळ एवढंच येतं. मध्यरात्र उलटली, नाक्यावरची वर्दळ जरा ओसरली, की प्रीमियर पद्मिनीचा क्रोम बंपर काय चमकतो! ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, शटर दहा सेकंद. मालकाला फक्त पार्किंग लाइट लावायला सांगा, हेडलाइट लावले की फ्रेम पांढरीफटक. मोबाइलची बॅटरी बाजूनं सावकाश फिरवली की दाराची रेघ उठून दिसते. (मालकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि नंबर झाकूनच टाका.)

हे आत्ताच सांगतोय, कारण या गाड्या भराभर कमी होतायत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. डोंबिवलीकरांच्या तोंडी प्रीमियर मैदान अजून आहे, गाडी मात्र दिसत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या खासगी, सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली.

आणि नियम बघा. केंद्राच्या २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी. म्हणजे १९८५ ची पद्मिनी विंटेज व्हायला २०३५ उजाडणार. पण पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाचा फेरा सुरू, आणि वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १० हजार. विंटेजच्या नूतनीकरणाला मात्र ५ हजार! पेन्शनवरचा माणूस काय करेल? भंगारवाल्याला फोन.

धुराचा मुद्दा मला मान्य आहे. रोज कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये जुनी गाडी काढणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. विंटेज गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ही अट आणि ती फी, दोन्ही चाळिसाव्या वर्षीच लावा की. धूरही वाचेल, गाडीही.

तोवर फोटो तरी काढून ठेवू. बाळकुम, कोलशेत, ढोकाळीत कुणाकडे कव्हरखाली पद्मिनी असेल तर कमेंटमध्ये सांगा. ट्रायपॉड घेऊन येतो. पैसे नकोत, चहा चालेल. फक्त वॉचमनला आधी सांगून ठेवा.