काखेत कळसा, जर्नलला वळसा

मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखाली दोन खांबांत किती अंतर हवे, यावरून वरळी कोळीवाड्याने पालिकेशी चिवट झुंज दिली. आराखड्यात ६० मीटर होते. वारा-लाटांत एवढ्या फटीतून बोट काढणे धोक्याचे, हे कोळ्यांचे म्हणणे. अखेर डिसेंबर २०२२मध्ये १२० मीटरचे आश्वासन मिळाले. या लढ्यावर एखाद्या विद्यार्थ्याने शोधनिबंध लिहिलाच, तर तो पाठवायचा कुठे?

हल्ली गाईडच्या आधी सॉफ्टवेअरला विचारतात. शीर्षक आणि गोषवारा टाकला की एल्सेव्हियर या प्रकाशन संस्थेचे ‘जर्नल फाइंडर’ यादी काढून देते. सोबत इम्पॅक्ट फॅक्टर आणि पहिल्या निर्णयाला लागणारा वेळही. सोय चांगली आहे. विषयच बसत नाही म्हणून निबंध महिनोन्महिने अडकून परत येण्यापेक्षा हे बरेच.

पण यादी असते एल्सेव्हियरच्याच जर्नलांची. स्प्रिंगर नेचरचे साधन त्यांची दाखवते, वायलीचे त्यांची. दुकानदार शेजारच्या दुकानाचा पत्ता कशाला देईल? कोळीवाड्यावरच्या निबंधाला ‘मरीन पॉलिसी’ सुचवले जाऊ शकेल, आणि ते नावाजलेले जर्नल आहे. मात्र १९६६पासून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या यादीत येणार नाही. त्याचे कार्यालय लोअर परळला, गणपतराव कदम मार्गावर. कोळीवाड्यातून टॅक्सी केली तर फार मीटर पडत नाही. शिवाय हे साप्ताहिक लेखकाकडून पैसे घेत नाही. कोचीचे ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’ही असेच बाहेर राहते. रॉटरडॅमचे ‘जेन’ हे साधन कुणा एका प्रकाशकाचे नाही, पण त्याचा आधार मेडलाइन ही सूची, म्हणजे मुख्यतः वैद्यक. निबंध मराठीत असेल तर बोलायलाच नको. वाईचे ‘नवभारत’ मासिक या साधनांच्या गावीही नाही.

यादीचा हा एकांगीपणा आता जास्त बोचेल. २०१८मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य जर्नलांच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नले तपासली. त्यातली ८८ टक्के निकषांवर नापास झाली. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या मदतीने ‘केअर’ यादी आली. तिच्याबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, तरी चाळणी होती. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. बढतीसाठी पेपर मात्र लागतातच. अशा वेळी स्क्रीनवर पहिले येणारे नाव म्हणजेच निर्णय, असे होणार. महाविद्यालयांनी हे होऊ देऊ नये. जर्नल निवडायला ग्रंथपाल आणि विषयाचा जाणता प्राध्यापक एकत्र बसायला हवेत. सॉफ्टवेअरचे काम तिथे कारकुनाचे.

विद्यार्थ्यांनीही सॉफ्टवेअरची यादी घेऊन गाईडकडे जावे आणि यादीत नसलेली दोन नावे विचारून घ्यावीत. प्रत्येक जर्नलचे मागचे दोन अंक चाळावेत, आणि छापायचे किती पैसे पडतील हे निबंध पाठवण्याआधी लेखी विचारावे.