बिननावाचे खटके

ज्या खटक्यावर नाव नाही तो खटका लबाड असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी घरबसल्या बनवलेले नाही. १९८७ साली कळंबला, भर दिवेलागणीच्या वेळी, त्याची पुरेपूर किंमत मोजून ते मिळवलेले आहे.

माझ्या मेहुण्याने एक जुनी डिझेल व्हॅन घेतली होती. मागे दोन बाकं, एक स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप बसवून तिचं त्याने ‘फिरतं घर’ केलं. डॅशबोर्डवर सात काळे खटके होते. सातही जुळ्या भावांसारखे. त्यांच्यावरची अक्षरं आधीच्या मालकांच्या अंगठ्यांनी केव्हाच पुसून नेली होती. “नावं कशाला हवीत, भाऊजी? सवयीनं कळतं,” मेहुणा म्हणायचा.

नागपूरहून वर्ध्यावरून आम्ही कळंबला आलो. पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं. वर आलो आणि मेहुण्याला घेरी आली, उलट्या सुरू झाल्या. इस्पितळ यवतमाळला, वीसेक किलोमीटरवर. गाडी चालवायचा परवाना उरला तो माझ्यापाशी, आणि माझा सगळा अनुभव अँबॅसडरचा!

किल्ली फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. एक खटका ओढला, कोरड्या काचेवर वायपर नाचू लागला. दुसरा ओढला, काहीच झालं नाही. (काहीच न होणारा खटका सर्वांत धोक्याचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) मागून बायको विचारत होती, “अहो, निघतोय ना आपण?” शेवटी शेजारच्या गॅरेजातला पोरगा आला.

“काहून वढून ठेवली साहेब थे? आत ढकला न जी! अन् आधी गरम तं होऊ द्या तिले!”

त्याने तो दुसरा खटका आत ढकलला, तिसरा दाबून धरला, इंजिन तापू दिलं आणि गाडी सुरू करून दिली. खटक्याचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला विचारण्याची लाज वाटते!

वाटेत समोरून ट्रक आला. दिवे मंद करायला डाव्या पायाने जमीन चाचपली, कारण अँबॅसडरचा डिपर पायाखाली असायचा. इथे पायाखाली फक्त जमीनच. घाईत हाताला आला तो खटका ओढला. तोच तो दुसरा! जुनं डिझेल इंजिन किल्लीने बंद होत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. ते तोडण्याचा हा खटका. अंधाऱ्या रस्त्यावर, आजारी माणूस मागे घेऊन, गाडी एकदम मुकी झाली. ट्रक शिव्यांसारखा हॉर्न देत अंगावरून गेला, आणि आमची गाडी घरंगळत कडेच्या मातीत जाऊन उभी राहिली.

पोहोचलो. मेहुणा दोन दिवसांत खडखडीत झाला आणि उठून बसताच म्हणाला, “सवयीनं कळतं हो!”

माझा वाद आहे तो या वाक्याशी. सवय असलेल्याला नावाची गरजच नसते. नाव असतं ते परक्यासाठी, आणि तेही नेमकं सवयीचा माणूस आडवा पडतो त्या रात्रीसाठी. घरातली कागदपत्रं कुठल्या कप्प्यात आहेत हे एकालाच ठाऊक, गॅसची चावी कुठे आहे हे एकीलाच. यात कसब थोडं, मिरवणं फार! आता गाड्यांवर जगभर एकसारखी चित्रं असतात, हे चांगलंच झालं. पण त्यातलं पिवळं इंजिन मला अजूनही नळाच्या तोटीसारखं दिसतं. चार मराठी अक्षरं लिहायला कुणाचं काय जातं?

बायकोने वाद घातला नाही. तिने औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी कापून सातही खटक्यांवर लावली आणि शाईने लिहिलं: ‘वायपर’, ‘गरम करा’, ‘इंजिन बंद – चालताना ओढू नये’. मेहुण्याला तो अपमान वाटला. पुढे त्याने गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याने आधी सगळ्या पट्ट्या मोठ्याने वाचल्या आणि मगच भावाची घासाघीस सुरू केली.